‘तपासले’ हा शब्द कोणाचा?

कोणतेही इंजिनिअरिंग ड्रॉइंग समोर उलगडले की माझी नजर आधी इमारतीकडे जात नाही, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्याकडे जाते. तिथे एक चौकट असते. शाळा-कॉलेजांसाठी भारतीय मानक ब्युरोने काढलेल्या एसपी ४६ या पुस्तकात तिचे माप १८५ मिलिमीटर बाय ६५ मिलिमीटर असे दिले आहे. कामाचे नाव, प्रमाण, क्रमांक, तारीख आणि तीन लहान रकाने: ‘रेखाटले’, ‘तपासले’, ‘मंजूर केले’. चौकटीच्या वर टिपांची एक लांब रांग असते. काँक्रीट अमुक प्रतीचे, सळईचा जोड तमुक लांबीचा, ड्रॉइंगवर पट्टी लावून माप घेऊ नये, सर्व मापे जागेवर तपासून मगच काम सुरू करावे. इमारतीबद्दल जे सांगायचे ते रेषा सांगतात. माणसांनी काय केले आणि काय केले नाही हे मात्र या कोपऱ्यातली अक्षरे सांगतात. माझा धंदा त्या अक्षरांचा आहे, आणि आजचा प्रश्नही त्यांचाच.

प्रश्न असा की, जे वाक्य एकदाच तयार करून ठेवले आहे आणि हजार ड्रॉइंगांवर आपोआप उमटते, ते वाक्य बोलते कोण?

मी आयटीआयचा ड्राफ्ट्समन. दोन वर्षांचा सिव्हिलचा कोर्स खानदेशात केला आणि ताप्ती लाइनच्या गाडीत बसून नव्वदीच्या सुरुवातीला सुरतेला आलो. या गाडीने किती खानदेशी माणूस इकडे आणून सोडला याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. वाटेत नवापूरचे स्टेशन लागते. अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असलेले हे स्टेशन. तिथे एकाच बाकड्याच्या एका अंगावर एका राज्याचे नाव आहे, दुसऱ्या अंगावर दुसऱ्याचे. बसणाऱ्याला काही फरक पडत नाही, पण पाटी लावणाऱ्याने रेघ कुठे ओढायची याचा विचार केलेला असतो. पुढे बिऱ्हाड केले ते पर्वत पाटियाला. एका अंगाला लिंबायत, गोडादरा. तिथे अहिराणी कानावर पडल्याशिवाय दिवस जात नाही. दुसऱ्या अंगाला पुणा-कुंभारिया रस्त्यावरची कापडाची मार्केटे, मजल्यावर मजले. मधून खाडी. पावसाळ्यात ती काय करते हे इथल्या माणसाला विचारावे. ऑफिसात बोलायचे गुजरातीत, टिपा लिहायच्या इंग्रजीत आणि बेरीज मनात मराठीत करायची, असे आमचे त्रिभाषा सूत्र.

पूर्वी ही अक्षरे हाताने काढीत. ट्रेसिंग पेपर, रोटरिंगचे पेन, हिरवट प्लॅस्टिकची स्टेन्सिल. अक्षरांची उंची अडीच, साडेतीन, पाच, सात, दहा मिलिमीटर अशी ठरलेली. ही चढण वर्गमूळ दोनच्या पटीने आहे, कारण कागदाची मापेही त्याच पटीने वाढतात. मोठे ड्रॉइंग एका आकाराने लहान केले तर अक्षर बरोबर खालच्या मापात येऊन बसते. ज्याने हे ठरवले त्याला मी मनातल्या मनात नमस्कार करतो. शाई सांडली तर ब्लेडने खरवडायची, आणि जास्त खरवडले तर कागदाला भोक. बारा टिपा लिहायला सकाळ जाई. त्या काळची माणसे आता म्हणतात की हाताने लिहिताना प्रत्येक शब्दाचा विचार होई. मला हे पटत नाही. आम्ही शेजारच्या ड्रॉइंगवरून नकलून काढत होतो, आणि नकलणाऱ्याचे मन बहुतेक वेळा जेवणाच्या डब्यात असते. हाताने लिहिलेले म्हणून ते खरे, असा हिशेब नाही. पण एक होते. लिहिणारा कोण, हे अक्षरावरून ओळखू येई. चूक निघाली तर साहेब त्याच्याच टेबलापाशी येऊन उभे राहत.

मग कॉम्प्युटर आला. ऑटोकॅड हा प्रोग्राम अमेरिकेत १९८२ साली बाजारात आला. आमच्याकडे तो हळूहळू, टप्प्याटप्प्याने पोचला. त्यात ब्लॉक नावाची सोय आहे. एकदा आकृती काढून तिला नाव दिले की पाहिजे तिथे पाहिजे तितक्या वेळा ती मांडता येते. त्या ब्लॉकमध्ये रेषांबरोबर मजकुराच्या रिकाम्या जागाही ठेवता येतात. त्यांना अ‍ॅट्रिब्यूट म्हणतात. प्रत्येक जागेला तीन गोष्टी द्याव्या लागतात. एक तिचे नाव. दुसरा प्रश्न, म्हणजे ब्लॉक मांडताना कॉम्प्युटरने काम करणाऱ्याला काय विचारायचे ते. आणि तिसरे, आधीच भरून ठेवायचे उत्तर. हे उत्तर रिकामेही ठेवता येते. चौकट, टिपा, खोलीचे नाव, खांबाचा क्रमांक, दरवाजाचा तक्ता, सगळ्यांचे असे साचे एकदा करून ठेवले की बारा टिपांची सकाळ बारा सेकंदांवर येते. मी असे साचे करण्यात ऑफिसात थोडे नाव कमावले आहे, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आता यातली मौज अशी की प्रत्येक रिकाम्या जागेचा स्वभाव आधीच ठरवावा लागतो. तिला ‘कॉन्स्टंट’ केले तर तो मजकूर कायमचा. ब्लॉक मांडणाऱ्याला तो बदलता येत नाही, त्याला विचारलेही जात नाही. ‘प्रीसेट’ केले तर भरून ठेवलेले उत्तर न विचारता घातले जाते. बदलायचे तर नंतर मुद्दाम जाऊन बदलावे लागते. ‘व्हेरिफाय’ केले तर दिलेले उत्तर बरोबर आहे ना, असे पुन्हा विचारले जाते. ‘इनव्हिजिबल’ केले तर माहिती ड्रॉइंगमध्ये राहते पण कागदावर दिसत नाही. आणि यांपैकी काहीच केले नाही तर कॉम्प्युटर साधा प्रश्न विचारतो, पुढे भरलेले उत्तर दाखवतो, आणि माणूस एंटर दाबतो. बहुधा एंटरच दाबतो.

मेनूमधले हे शब्द मला नेहमी नीतिशास्त्राच्या पुस्तकातल्या प्रकरणांसारखे वाटतात. कोणती गोष्ट कधीच बदलू नये? कोणती न विचारता गृहीत धरावी? कोणती दोनदा विचारावी? कोणती ठेवावी पण दाखवू नये? एखाद्या घराची घडी या चार प्रश्नांच्या उत्तरांवर बसलेली असते. आणि ड्रॉइंगच्या ऑफिसात या प्रश्नांची उत्तरे कोण देते? सर्वांत कमी पगाराचा मुलगा, एखाद्या दुपारी, काम कमी असताना. त्याने त्या दुपारी जे ठरवले ते पुढची दहा वर्षे इंजिनिअरच्या तोंडून बोलते.

तयार वाक्याचा साचा ही काही कॉम्प्युटरची देणगी नव्हे. आपल्या मराठीत तो फार जुना आहे. हेमाडपंती मेस्तक म्हणून जो प्रकार प्रसिद्ध आहे त्यात कोणाला पत्र लिहिताना कोणता मायना घालावा, कोणाला ‘विज्ञापना’ करावी, कोणाला आशीर्वाद लिहावा याचे नमुने दिलेले आहेत. म्हणजे कॉन्स्टंट कोणते आणि भरायची जागा कोणती, हे त्या कारकुनांना पक्के माहीत होते. पत्राच्या शेवटी ‘बहुत काय लिहिणे’ येई आणि मर्यादेची लहान मुद्रा उमटे. ती मुद्रा शोभेसाठी नसे. तिच्या खाली कोणी एक ओळही वाढवू नये, हा तिचा उद्देश. साचा पूर्वजांनीही वापरला, पण तो कुठे संपतो आणि धन्याचा शब्द कुठे संपतो, यावर त्यांनी शिक्का मारला. आमच्या चौकटीत असे काही नाही. तिथे साच्याचा शब्द आणि माणसाचा शब्द एकाच उंचीच्या, एकाच वळणाच्या अक्षरांत शेजारी शेजारी बसतात.

तीच गोष्ट पोथ्यांच्या नकलकारांची. पोथी संपल्यावर ते एक ठरलेला मजकूर लिहीत, की पुढे जसे होते तसे मी उतरवले आहे, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. गंमत पाहा, जबाबदारी नाकारणारे हे वाक्यसुद्धा त्यांनी नकलूनच घेतलेले असे.

आणि खरेदीखत? तालुक्याच्या गावी कचेरीसमोर बसणाऱ्या दस्तलेखकाकडे ते वाक्य तयार असते: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाला बळी न पडता, नशापाणी न करता लिहून दिले. शेत विकायला आलेल्या म्हातारीचा अंगठा त्याखाली घेतात. ती राजी होती की मुलाच्या धाकाने आली होती, हे कोणी विचारत नाही, कारण उत्तर आधीच छापलेले आहे. इतके चांगले वाक्य! कायद्याने किती विचार करून ते घडवले असेल! प्रत्येक शब्दामागे कोणीतरी कधीतरी फसवला गेलेला असणार. पण ते कागदावर आयते येते म्हणून, ज्या फसवणुकीपासून वाचवण्यासाठी ते जन्माला आले तीच त्याच्या आडोशाला सुखाने राहते.

आमच्या टिपांचेही तसेच. ‘मापे जागेवर तपासून घ्यावीत’ या ओळीमागे कुठलीतरी भिंत चुकीच्या जागी उभी राहिलेली असते. टीप म्हणजे जुन्या जाणत्या माणसाच्या ठेचेचे शब्दांतले रूप. म्हणून मी साच्यांच्या विरुद्ध नाही. मुलाला आज जे सुचणार नाही ते साचा त्याच्या वतीने आठवतो. प्रश्न एवढाच की आठवण आणि ग्वाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि साचा दोन्हींना एकाच गाडीत बसवतो. ‘काम सुरू करण्यापूर्वी तपासा’ ही आठवण. ती कोणीही, कितीही वेळा, न पाहता केली तरी खरीच राहते. ‘तपासले’ ही ग्वाही. ती एका माणसाने, एका दिवशी, एक कृती केली तरच खरी.

इथे मला न्यायदर्शनाचा आधार घ्यावासा वाटतो. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द ही नैयायिकांची चार प्रमाणे. शब्द प्रमाण केव्हा? तो आप्ताचा असेल तेव्हा. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. भाष्यकार वात्स्यायनाच्या मते ज्याने ती वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. तो ऋषीच असला पाहिजे असेही बंधन नाही. या कसोटीवर आमची टीप लावून पाहा. ‘जमिनीची भार सोसण्याची क्षमता दर चौरस मीटरला वीस टन’ असे साच्यात लिहिले आहे. ही जमीन कोणी जाणली? साचा करणाऱ्याने नाही. तो तेव्हा दुसऱ्याच गावच्या कामाचा नकाशा पाहत होता. साचा मांडणाऱ्याने नाही. त्याने एंटर दाबला. म्हणजे वाक्य आहे, अर्थ आहे, व्याकरण आहे, पण आप्त नाही.

मीमांसकांनी मात्र उलटी वाट धरली होती. शब्दात दोष येतो तो बोलणाऱ्याच्या दोषामुळे. वेदाला कोणी कर्ताच नाही, तेव्हा त्यात दोष शिरायला वाटच नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तो वेदाबाबत कितपत टिकतो हे पंडितांनी पाहावे. पण आमच्या ऑफिसात मी हा युक्तिवाद रोज ऐकतो. ‘ही टीप कोणी घातली?’ ‘कोणी नाही, साच्यातच आहे.’ आणि सगळे निश्चिंत होतात. अपौरुषेय वाक्य म्हणजे निर्दोष वाक्य! कुमारिल भट्टाला इतके एकनिष्ठ शिष्य कापड मार्केटच्या शेजारी मिळतील असे वाटले नसेल.

हा निव्वळ शब्दच्छल आहे असे ज्यांना वाटेल त्यांना दोन ऐतिहासिक अपघात सांगतो.

कॅनडात क्वेबेकजवळ सेंट लॉरेन्स नदीवर पूल बांधत होते. आधी मधला गाळा १६०० फुटांचा योजला होता, नंतर तो १८०० फुटांचा केला. पुलाच्या स्वतःच्या वजनाचा अंदाज मात्र लांबी वाढल्यावर नीट फेरमांडला गेला नाही. जुनाच पुढे चालू राहिला. २९ ऑगस्ट १९०७ रोजी संध्याकाळी अर्धा बांधलेला पूल नदीत गेला, पंच्याहत्तर कामगार मेले. त्या वेळी कॉम्प्युटर नव्हता, पण प्रीसेट होता. कोणी न विचारलेले, आधी भरलेले उत्तर.

दुसरी गोष्ट १७ जुलै १९८१ ची, अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीची. हयात रिजन्सी हॉटेलच्या दालनात वरून सळ्यांनी टांगलेले पादचारी पूल होते, एकाखाली एक. मूळ आराखड्यात एकच लांब सळई वरच्या पुलातून आरपार जाऊन खालचा पूल पेलणार होती. पोलादाचे काम करणाऱ्यांनी सोयीसाठी तिचे दोन तुकडे केले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरी वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. दिसायला क्षुल्लक बदल. पण खालच्या पुलाचे सगळे ओझे आता वरच्या पुलाच्या तुळईला लटकले आणि तिथल्या जोडावरचा भार दुप्पट झाला. मूळचा जोडही नियमाला पुरेसा नव्हताच. नाचाचा कार्यक्रम चालू असताना दोन्ही पूल कोसळले. एकशे चौदा माणसे गेली. चौकशीत त्या बदललेल्या ड्रॉइंगांवर इंजिनिअरच्या कार्यालयाचा तपासणीचा शिक्का निघाला. शिक्का होता, हिशेब नव्हता. पुढे मिझुरी राज्यात जबाबदार इंजिनिअरांचे परवाने गेले.

यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तिथे शिक्का हाताने मारलेला होता. तपासणी झाली नव्हती हे खरे, पण शिक्का मारणे ही कृती होती आणि कृतीला कर्ता असतो. म्हणून ‘तू न पाहता का मारलास’ असे विचारता आले. शिक्का आपोआपच उमटत असता तर?

तर काय होते, ते मी पाहिले आहे. २०१९ च्या मार्चमध्ये मी एका ऑफिसात नव्याने लागलो. दोनच महिन्यांनी, २४ मे रोजी, सरथाण्याच्या तक्षशिला आर्केडला आग लागली. वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली बावीस मुले गेली. त्या आगीशी आमच्या ऑफिसचा दूरान्वयानेही संबंध नव्हता. पण त्या आठवड्यात सुरतेत ज्याने म्हणून इमारतीचा कागद कधी हातात धरला होता, त्याला नीट झोप लागली नसेल. आमच्या मालकांनी जुनी ड्रॉइंगे काढून बघायला सांगितली. जिने, बाहेर पडायचे रस्ते, वर काही वाढवले आहे का. मी आणि शिरपूरकडचा एक नवखा मुलगा, असे दोघे बसलो. तो मुलगा चौकटी वाचत होता, कारण वरच्या रेषा त्याला अजून वाचता येत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, “काका, हे साहेब कुठे बसतात?” ‘तपासले’ या रकान्यात सगळीकडे तीन आद्याक्षरे होती. मी माहिती काढली. ते ऑफिसातले ज्येष्ठ इंजिनिअर होते, मूळ आपल्याच भागातले. दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात वारले होते. त्यांच्या हयातीत कोणीतरी त्यांची आद्याक्षरे साच्यात प्रीसेट करून ठेवली होती, म्हाताऱ्या माणसाला दर वेळी टाइप करायचा त्रास नको म्हणून. चांगल्या हेतूने. त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे ते तपासत राहिले.

मुलाने पुन्हा ड्रॉइंगकडे पाहिले आणि हळूच अहिराणीत विचारले, “काका, हाई खरं शे का?”

मी त्याला काय उत्तर देणार? खोटे म्हणावे, तर खोटे बोलणारा दाखवावा लागेल. मेलेला माणूस खोटे बोलत नाही. साचा करणारा मुलगा नोकरी सोडून गेला होता, आणि त्याने केले तेव्हा ते खरे होते. मांडणाऱ्यांना विचारलेच गेले नव्हते, कारण प्रीसेटचा धर्मच न विचारण्याचा. प्रत्येक जण निर्दोष, आणि कागद खोटा. खोटेपणा असा कर्त्यावाचून तरंगत राहू शकतो, हे मी पूर्वी पुस्तकात वाचले असते तर हसलो असतो.

सुदैवाने त्या ड्रॉइंगांत जीवाला धोका होईल असे काही निघाले नाही. त्यांचे काम दुसऱ्या इंजिनिअरने प्रत्यक्षात पाहिले होते. फक्त कागदावर नाव चुकीचे होते. काही जण म्हणाले, मग बिघडले कुठे? इमारत उभी आहे. हा युक्तिवाद दिसतो तितका पोकळ नाही. ग्वाही खोटी आणि वस्तुस्थिती खरी, असे असू शकते. पण ज्या दिवशी इमारत उभी नसेल त्या दिवशी लोक त्या रकान्यातल्या माणसाला शोधत येतील, आणि सापडेल ती स्मशानातली राख.

तेव्हापासून मी एक नियम धरला. आठवण कॉन्स्टंट असावी, ग्वाही कोरी असावी. ‘तपासले’ या रकान्याला उत्तर भरून ठेवायचे नाही. प्रश्न मात्र स्पष्ट विचारायचा, आणि तो साधा ‘नाव?’ असा नव्हे. साच्यातला प्रश्न मी असा लिहिला: ‘हे ड्रॉइंग कोणी पाहिले?’ इंग्रजीतच लिहिला, पण मनात मराठी होते.

मालक नाराज झाले. दर ड्रॉइंगला अर्धा मिनिट वाढला, आणि कामे तर कालची हवी असतात. ते एक वेळ ठीक. खरा धक्का पोरांनी दिला. रकाना कोरा सोडला तर प्रिंटवर रिकामी जागा दिसते आणि वरून ओरडा बसतो, म्हणून त्यांनी तिथे नुसता टिंब टाकायला सुरुवात केली. एकाने तर ‘ए’ हे अक्षर टाकले. म्हणजे कोऱ्या जागेनेही माणूस खरा होत नाही. मी त्या रात्री बराच विचार केला. सक्तीने विचारलेल्या प्रश्नाला टिंबाचे उत्तर मिळणार असेल तर प्रीसेटमध्ये आणि यात फरक काय?

फरक आहे, असे मला वाटते. टिंब टाकणाऱ्याने टिंब टाकले. त्याचे बोट त्या कळीवर पडले, तेव्हा क्षणभर का होईना, त्याला माहीत होते की इथे एका माणसाचे नाव यायला हवे होते. साच्याने भरलेल्या आद्याक्षरांनी तो क्षणच काढून घेतला होता. लबाडी करायची संधी ठेवणे हीही प्रामाणिकपणाची एक अट आहे. जिथे लबाडी करताच येत नाही तिथे माणूस प्रामाणिकही राहू शकत नाही, तो नुसता एंटर दाबत राहतो. आणि टिंब कागदावर दिसते. साहेबांना दिसते, मिस्त्रीलाही दिसते.

मिस्त्रीवरून आठवले. पर्वत पाटियाजवळच्याच एका गोदामाच्या कामात टीप होती की जोत्याची उंची रस्त्यापासून ४५० मिलिमीटर. साच्यातली. कुठल्या तरी उंचवट्यावरच्या शाळेच्या कामातून आलेली असावी. ड्रॉइंग तीन टेबलांवरून सहीसलामत गेले. साइटवरच्या मिस्त्रीने, आपल्याच साक्री तालुक्यातल्या माणसाने, फोन केला. “भाऊ, दीड फूट जोतं? दोन हजार सहाला उकाईचं पाणी आलं तेव्हा मी कुठपर्यंत उभा होतो, दाखवू का?” ऑगस्ट २००६ चा पूर त्याने स्वतःच्या छातीवर मोजलेला होता. वात्स्यायनाचा आप्त तो हाच. ज्याने वस्तू जाणली आणि जशी जाणली तशी सांगितली. जोते वाढवले. ती टीप कॉन्स्टंटमधून काढून कोऱ्या जागांत आणली.

कॉन्स्टंटचा आणखी एक घोटाळा आहे, तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ब्लॉकची व्याख्या बदलली की त्यातले कायम मजकूर त्या ड्रॉइंगमध्ये जिथे जिथे मांडले आहेत तिथे तिथे बदलतात. काँक्रीटचा आयएस ४५६ हा नियम १९७८ चा होता, २००० साली त्याची नवी आवृत्ती आली. जुन्यात लोखंडी काँक्रीटला कमीत कमी एम १५ प्रत चाले, नव्यात ती एम २० झाली. आता समजा १९९८ चे ड्रॉइंग किरकोळ दुरुस्तीसाठी उघडले आणि चौकटीचा नवा ब्लॉक जुन्यावर चढवला. लगेच टीप म्हणू लागते की ही इमारत २००० च्या नियमाप्रमाणे रचली आहे. इमारत तीच, सळई तीच, पण तिने कधी न दिलेले वचन तिच्या नावावर लागले. उद्या कोणी त्या भरवशावर वर मजला चढवायला निघाला तर? भूजपासून इतक्या दूर असूनही २६ जानेवारी २००१ ला सुरतेत इमारती पडल्या. जुन्या इमारतीला तिचे जुने वय सांगता आले पाहिजे. म्हणून नियमाचे साल मी आता कायम मजकुरात ठेवत नाही. ज्या ड्रॉइंगचे त्या ड्रॉइंगवर साध्या अक्षरांत राहू देतो, साच्याचा हात तिथे पोचणार नाही असे.

हल्ली पोरे विचारतात की काका, आता तर कॉम्प्युटर स्वतःच टिपा लिहून देतो, साचाही लागत नाही. पाहिले मी. छान लिहितो. वाक्ये इतकी समर्पक की जुन्या साच्यातल्या टिपांपेक्षा ती जास्त वाचावीशी वाटतात. साच्याचे शब्द निदान कळकट होते, पाहताक्षणी कळत असे की हे आयते आहे. या नव्या वाक्यांत तेवढीही खूण नाही. ‘हे कोणी पाहिले?’ हा प्रश्न मात्र मी त्या ड्रॉइंगांनाही विचारतो, आणि तो रकाना अजून माणसालाच भरावा लागतो.

मालकांशी तडजोड झाली आहे. फर्निचर आणि रंगकामाच्या ड्रॉइंगांना जुनाच साचा. खांब, तुळया, पाया आणि जिने यांना माझा. टिंबे कमी झाली आहेत, गेलेली नाहीत. तारखेचा रकाना अजून वादात आहे. प्रोग्राम स्वतः तारीख घालू शकतो, आणि प्रत्येक वेळी प्रिंट काढताना ती त्या दिवसाची करतो. त्यामुळे गेल्या वर्षी तपासलेले ड्रॉइंग आजच तपासल्यासारखे दिसते. मालकांना ते आवडते, कागद ताजा वाटतो. मी ती सोय बंद करा म्हणतो. निर्णय होईपर्यंत शिरपूरचा तो मुलगा, जो आता रेषाही वाचतो, प्रिंट निघाल्यावर तारीख पेनने लिहितो. त्याचे अक्षर वाईट आहे, पण ओळखू येते.